पाचवा माणूस

पहाटे पाचच्या सुमारास टोल पडतो. जुलै महिना, साल 1901, जागा दक्षिण अंदमानातली पोर्ट ब्लेअरची कैदी वसाहत. बराकीत ओळीनं झोपलेली माणसं उठून घोंगड्या गुंडाळू लागतात. त्यांत एक श्रीगोंदे तालुक्यातला आहे, तिशीतला. त्याला मी नाव देत नाही. असा एकच कुणी नव्हता, आणि साध्या चोरदरोडेखोरांनी आठवणी लिहून ठेवलेल्या नाहीत. राजकीय कैद्यांनी लिहिल्या, म्हणून अंदमान म्हटलं की मराठी माणसाला सावरकर आणि कोलू आठवतो. पण सावरकर तिथं उतरले जुलै 1911 मध्ये. ती वसाहत त्याआधी त्रेपन्न वर्षं चालू होती. 1857 च्या बंडवाल्यांसाठी ती उघडली खरी, पण पुढं बोटी भरभरून तिथं गेले ते खुनी, दरोडेखोर आणि सराईत चोर म्हणून शिक्का बसलेले लोक. 1901 च्या शिरगणतीच्या वेळी तिथं सुमारे बारा हजार कैदी होते. आपला माणूस त्या बेरजेत धरलेला एक. बाकीचा त्याचा दिवस मी पीनल कोडाची कलमं, वसाहतीचे नियम आणि त्या काळचा नगर जिल्हा यांवरून जुळवला आहे.

बराकीच्या दाराशी मोजणी होते. मोजणारा पेटी ऑफिसर स्वतः कैदीच, जुना. त्याच्यावर टिंडेल, तोही कैदी. त्याच्यावर जमादार, तोही. एवढ्या हजारो माणसांवर नजर ठेवायला पगारी शिपाई आणायचे तर सरकारचं दिवाळं निघालं असतं. म्हणून कैद्यांनीच कैदी राखायचे, अशी सोय. मोजताना नाव कुणी विचारत नाही, गळ्यातला लाकडी बिल्ला बघतात. त्यावर कैद्याचा नंबर, कलम, शिक्षेची तारीख. याच्या बिल्ल्यावर कलम आहे 395. दरोडा.

हे कलम नीट बघण्यासारखं आहे. 1862 च्या 1 जानेवारीपासून लागू झालेल्या पीनल कोडात चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांच्यातल्या रेषा आखून दिलेल्या आहेत. धाक दाखवून किंवा मारहाण करून माल नेला की ती जबरी चोरी. तीच जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली की दरोडा. चौघं असतील तर कैद दहा वर्षांपर्यंत, रात्री हमरस्त्यावर असेल तर चौदापर्यंत. पाचवा आला की जन्मठेप काळ्या पाण्याची वाट मोकळी. त्यानं काठी उगारली असलीच पाहिजे असं नाही. जागेवर हजर असून मदत करणाराही पाचांत मोजला जातो.

1897 च्या सुरुवातीला, दुष्काळ ऐन भरात असताना, गावाबाहेरच्या ओढ्यात सावकाराची धान्याची गाडी चौघांनी अडवली तेव्हा हा पाचवा होता. बैल बुजू नयेत म्हणून कासरा धरून उभा राहिला. गाडीवानाला मार बसला, तो यानं दिलेला नव्हता, पण त्या गाडीवानाची पाठ त्यामुळं कमी दुखली असेल असं नाही. वाट्याला आलेली ज्वारी घरात आठवडाभरही पुरली नसेल. नगरच्या सेशन्स कोर्टात पाचही जणांना एकच शिक्षा झाली.

सहा वाजता टोळी निघते. अंगात जाड्याभरड्या कापडाचा कुडता आणि जांगिया, डोक्यावर भुरभुर पाऊस. पोर्ट ब्लेअरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. श्रीगोंद्यात वर्षभरात जेवढा होतो तेवढा इथं पावसाळ्याच्या एकेका महिन्यात जवळपास होऊन जातो. ढगाकडे बघत बसण्यात बालपण गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी याचं काय वाटलं असेल! आता चौथं वर्ष आहे, आता पाऊस म्हणजे फक्त निसरडी वाट, ताप आणि पोटरीला चिकटणाऱ्या जळवा.

वाट चढते अ‍ॅबर्डीनच्या टेकाडावर, समुद्रात घुसलेल्या सुळक्याकडे. तिथं 1896 पासून एक मोठी इमारत उभी राहते आहे. मधे मनोरा आणि त्याच्यापासून सात दिशांना फाकलेल्या सात लांबलचक तीनमजली ओळी. आत जवळपास सातशे खोल्या, प्रत्येक साडेतेरा फूट लांब, साडेसात रुंद, खिडकी नाही, वर हात पोचणार नाही अशा उंचीवर झरोका. एका ओळीची दारं पुढच्या ओळीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. हीच पुढं गाजलेली सेल्युलर जेल. ती बांधली कैद्यांनीच. नंतर तिच्यात डांबलेल्या देशभक्तांची नावं तिथल्या पाट्यांवर आहेत, ते योग्यच. पण भिंती ज्यांनी रचल्या त्यांच्या बिल्ल्यांवर 302, 395 आणि 379 होतं.

सात ते दहा हा दिवसातला खरा कामाचा वेळ. ऊन नसतं, पोटात रात्रीचं थोडं शिल्लक असतं आणि देखरेख करणारा गोरा ओव्हरसियर याच वेळात फिरकतो. आपल्या माणसाच्या टोळीकडे चुना, विटा आणि खडी. चुना-सुरखी मळायची, पाट्या भरायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवून परांचीवरून वर न्यायच्या. वरचा गवंडी बंगाली आहे. ओळंबा धरून तो हिंदुस्तानीत खेकसतो, हा त्याच भाषेत मोडकंतोडकं उत्तर देतो. बेटावर सगळ्यांची मिळून हीच एक भाषा झालेली: पंजाबी, पठाण, बंगाली, मद्रासी, ब्रह्मी, सगळे आपापल्या वळणानं तीच बोलतात. कुणी कानडी किंवा गुजराती भेटला तरी याला गावाकडचा माणूस भेटल्यासारखं वाटतं.

नऊच्या सुमारास त्याला खडीवर बसवतात. हे काम त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. दगड पायाच्या अंगठ्याशी कसा टेकवायचा, हातोडी मनगटातून कशी टाकायची, चीर कुठं असते, हे त्यानं सातव्या वर्षीच बघितलेलं. तेव्हा 1877 चा दुष्काळ होता आणि दौंड-मनमाड रेल्वेचं काम दुष्काळी मजुरांकडून चाललं होतं. आई खडी फोडत होती, हा शेजारी बसून बारीक दगड वेचत होता. दीडशे मैलांच्या आतबाहेरचा तो लोहमार्ग नगर जिल्ह्याला उभा कापत गेला आणि 1878 मध्ये सुरू झाला.

त्या कामावरच्या मजुरीचा किस्सा इथं सांगायलाच हवा. सर रिचर्ड टेंपल हा बडा अधिकारी 1874 च्या बिहारच्या दुष्काळात भरपूर तांदूळ आणून लोक वाचवल्याबद्दल उधळ्या ठरला होता. 1877 च्या जानेवारीत त्याला दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर पाठवलं, तेव्हा त्यानं चूक सुधारायची ठरवली, आणि कशी! दिवसाची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर आणि वर काही पैशांवर आणून ठेवली. दिवसभर दगड फोडणाऱ्या धडधाकट माणसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोदेखील नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकारानं त्याविरुद्ध लिहून लिहून सरकारला हैराण केलं. तेव्हाच टीकाकारांनी सरकारच्या नाकासमोर एक हिशेब धरला होता: सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात याहून जास्त शिधा मिळतो. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

दहा वाजता जेवणाची सुट्टी. भात, डाळ, कसल्यातरी पाल्याची भाजी, कधी रोटी. भाताला वास, डाळीत पाणी. भाकरी नाही, कधीच नाही. ज्वारीची भाकरी मिळत नाही म्हणून माणूस मरत नाही, पण नगरी माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही, हे कुणीही नगरी माणूस सांगेल. तरी पान भरतं. आईच्या ओंजळीत पडलं त्यापेक्षा जास्त पडतं, हे याला हिशेबानं नाही, पोटानं माहीत आहे.

शेजारी मुंबईचा एकजण जेवतो. भायखळ्याकडचा, बोटं लांब, बोलणं चुरचुरीत. त्यानं उभ्या जन्मात कुणाला चापट मारलेली नाही. त्याच्या बिल्ल्यावर 379 आहे, साधी चोरी, जिची शिक्षा फार तर तीन वर्षं. मग हा इथं कसा? कलम 75 मुळे. तीन वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या चोरीसारख्या गुन्ह्यात एकदा सापडलेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला, तर कोर्टाला त्याला जन्मभरासाठी काळ्या पाण्यावर धाडता येत होतं. माल कितीचा, याला महत्त्व नाही. खिशातून घड्याळ गेलं काय नि रुमाल गेला काय! प्रत्येक खिसेकापू अंदमानला गेला असं नाही, न्यायाधीशाच्या मर्जीवर होतं. पण कायद्याच्या पुस्तकात दुसऱ्या चोरीपासून समुद्रापर्यंत सरळ रस्ता आखून ठेवलेला होता.

"तुझं तरी बरं," मुंबईकर म्हणतो, "एका गाडीत धंदा आटोपला. मला दोनदा धरावं लागलं."

"मी काय धंदा केला बाबा, बैल धरलं."

"कोर्टात सांगायचं होतंस."

"सांगितलं की. लिहून घेतलं त्येंनी. तेच लागलं."

बारा. पुन्हा काम. पाऊस आता कोसळतोय. दर्यावरचा पाऊस आडवा येतो, परांचीच्या फळ्या शेवाळतात. अशा दिवशी पाट्या वाहणाऱ्यांना खाली उतरवून टेकाडाच्या उतारावर चर खणायला लावतात, कारण रात्रीत माती वाहून गेली तर सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून. चरात याच्या जोडीला एक म्हातारा ब्रह्मी आहे. याचा आणि त्याचा बिल्ला जवळ ठेवला तर कलम एकच, 395. मंडालेचं राज्य 1885 मध्ये इंग्रजांनी घेतलं, त्यानंतर वर्षानुवर्षं जंगलात लढत राहिलेल्या टोळ्यांना त्यांनी शत्रू म्हटलं नाही, दरोडेखोर म्हटलं आणि त्याच कलमाखाली इकडे पाठवलं. एकानं राजासाठी भाला उचललेला, दुसऱ्यानं बैलाचा कासरा. दोघं एका चरात.

पळून का जात नाहीत? पहिल्या वर्षांत पळाले. 1858 मध्ये आलेल्यांपैकी कित्येकांची समजूत होती की जंगल ओलांडलं की ब्रह्मदेश लागतो. लागला समुद्रच. जंगलात जारवा होते आणि ते बाणांनी बोलत. दूधनाथ तिवारी नावाचा एक पळालेला कैदी अंदमानी लोकांत राहिला आणि 1859 च्या मे महिन्यात त्यांच्या हल्ल्याची खबर घेऊन परत वसाहतीत आला. त्याला माफी मिळाली. ती गोष्ट बराकीत अजून सांगतात, पण तिचा उपयोग फक्त वेळ घालवायला. हा माणूस पोहू शकत नाही. सीना आणि घोडनदीच्या वाळूत कोण पोहायला शिकतं?

आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना पळायचं नव्हतंही. 1890 मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची तपासणी करून सरकारला कळवलं की काळ्या पाण्याचा धाक उरलेला नाही. हिंदुस्थानच्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटतं. तिथं काही वर्षांनी उघड्यावर काम मिळतं, पुढं जमीन मिळते. या अहवालावरचा उपाय म्हणजे सेल्युलर जेल. नवीन आलेल्याला पहिले सहा महिने एकट्यानं कोंडा, म्हणजे धाक परत येईल. आपला माणूस ज्या चरात उभा आहे तो त्या धाकाच्या पायासाठी आहे.

तीनच्या सुमारास पाऊस उघडतो, समोरचं रॉस बेट दिसायला लागतं. तिथं साहेबांची वस्ती, देऊळ म्हणजे चर्च, चीफ कमिशनरचा बंगला. बेटावरून होडी निघाली की टिंडेल ओरडतो, काठ्या आपटतात, टोळ्या वाकून काम करू लागतात. त्या बंगल्यात 1894 पासून राहणारा चीफ कमिशनर म्हणजे रिचर्ड कार्नाक टेंपल. मघाच्या टेंपलचा मुलगा. विद्वान माणूस, पंजाबच्या दंतकथा गोळा केलेला, 'इंडियन अँटिक्वेरी'चा संपादक. अंदमानची 1901 ची शिरगणती यानंच केली आणि तिच्यावर जाडजूड अहवाल लिहिला. बापानं ज्या बाईची मजुरी एक पौंडावर आणली, तिच्या मुलाची मोजणी या टेंपलनं केली, अशा माणसांची उदाहरणं नगर-पुणे-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात शोधायला लांब जावं लागलं नसतं. या दोघा टेंपलांना हा दुवा आयुष्यात कधी जाणवला असेल, याची शक्यता नाही. चरात उभ्या माणसाला तर नावच ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो 'बडा साब'.

त्याला ठाऊक आहे ती आगगाडी. शिक्षा झाल्यावर नगरहून त्याला बेड्यांसकट दौंडकडे नेलं ते त्याच रुळांवरून, ज्यांच्याखालची खडी आईनं फोडली होती. बेलवंडी स्टेशन गेलं तेव्हा तो उभा राहिला, शिपायानं खाली बसवलं. पुढं मद्रास, पुढं बोट. बोटीत चार दिवस उलट्या. वाटेत जातीचा, विटाळाचा, समुद्र ओलांडल्याचा जो काय प्रश्न असेल तो तिथंच ओकून झाला. गावातल्या लोकांनी तो त्याच्यासाठी जपून ठेवला असेल, ते वेगळं.

मुंबई इलाख्याला समुद्रापार माणसं धाडायची सवय अंदमानच्या आधीची. 1815 नंतरच्या दोन दशकांत मुंबई आणि बंगालमधून सुमारे पंधराशे कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले होते. डार्विन 1836 मध्ये तिथं उतरला तेव्हा त्यानं त्यांना पाहिलं आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचं त्याला नवल वाटलं. वासुदेव बळवंत फडक्यांना अंदमानऐवजी एडनला ठेवलं, ते 1883 मध्ये तिथंच वारले. जिथं बंदर, रस्ता किंवा किल्ला बांधायचा आणि मजूर मिळत नाही, तिथं कोर्टानं मजूर पुरवला, असा हा शंभर वर्षांचा हिशेब आहे. मला तरी शिक्षेपेक्षा भरतीच जास्त दिसते.

पाच वाजता सुट्टी. हत्यारं मोजली जातात, मग माणसं. हातोडी एखादी कमी भरली तर माणसं उभीच राहतात; माणूस कमी भरला तर शिट्या. आज दोन्ही बरोबर. परत बराकीकडे उतरताना याची नजर सवयीनं झाडांत फिरते, कुठं पडलेला नारळ दिसतोय का. दिसला आणि उचलला तर तीही चोरी. तो उचलतो, तुकडे करतो, एक मुंबईकराला देतो. मुंबईकर म्हणतो, "माझ्यावर आता पंचाहत्तर लागू शकत नाही, आधीच लागलंय." आणि खातो.

सहाला जेवण, सकाळच्यासारखंच. सातच्या आत बराकीत. जुन्या कैद्यांना थोडा भत्ता मिळतो, त्यांच्याकडे तंबाखू असते, आणि तंबाखू असलेल्याचे कपडे धुणारे, पाय चेपणारे लोक असतात. आपला माणूस अजून बिनभत्त्याचा. वसाहतीचे टप्पे त्याला पाठ आहेत, सगळ्यांनाच असतात: सहा महिने एकट्यानं बंद, दीड वर्ष जेलात इतरांबरोबर, मग तीन वर्षं अशी टोळीतली फुकट मजुरी, मग पाच वर्षं थोडा भत्ता आणि हलकं काम, जमलंच तर पेटी ऑफिसरचा पट्टा. दहा वर्षं भरली की तिकीट. तिकीट म्हणजे जेल सुटली, बेट नाही. नमुनाघर, चौलदारी असल्या गावांत जमीन कसायची, जनावरं ठेवायची, चूल मांडायची. पुढं वीस-पंचवीस वर्षांनी, वागणूक चांगली असेल तर, सुटका. काहीजण तेव्हा परत गेलेच नाहीत. त्यांनी बायकांच्या जेलमधल्या कैदिणींशी परवानगीनं लग्नं केली, पोरं झाली, पोरांना 'लोकल बॉर्न' म्हणू लागले. पोर्ट ब्लेअरमध्ये आजही हे नाव अभिमानानं सांगणारी घरं आहेत, आणि कोणता आजोबा कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या कलमाखाली आला याची चौकशी तिथं कुणी करत नाही. चांगली रीत आहे.

तिकिटवाल्याला गावाकडची बायको आणवता येते. म्हणजे अजून सहा वर्षं. आठच्या पुढं अंधारात, पहारेकऱ्याच्या हाकांमध्ये, तो मुंबईकराला विचारतो की पत्रात आत्ताच लिहून ठेवावं का, की इकडं जमीन मिळते, पाणी बक्कळ आहे, तू ये. मुंबईकराला चार अक्षरं येतात, तो लिहून देईन म्हणतो, बदल्यात उद्याची डाळ.

"पण वाचून कोण दाखवील तिला?"

हा बराच वेळ बोलत नाही. त्या गावात वाचता येणारी माणसं दोन. एक कुलकर्णी, ज्यानं पंचनामा लिहिला. दुसरा सावकाराच्या पेढीवरचा दिवाणजी.

"लिही," तो म्हणतो. "पर गाडीचं काय लिहू नगंस."